वाढवलेला दिवा

आमच्या गाडीतला तो लाल दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा मी गाडीत नव्हते. पुढेही तो कधी माझ्यासमोर लागला नाही, आणि सगळी कटकट तिथूनच सुरू झाली. गाडीत असायचे ते आई आणि बाबा. आठवड्यातून तीन दिवस बाबा आईला डायलिसिससाठी चौकाघाटच्या उड्डाणपुलापलीकडच्या हॉस्पिटलात न्यायचे, आणि मी त्या वेळी बँकेत बसून लोकांच्या सह्या जुळवत असायचे. संध्याकाळी घरी यावं तर आई भिंतीला टेकून डोळे मिटून पडलेली असायची, आणि डोळे न उघडताच सांगायची, "आज परत लागला गं तो." कुठे लागला, तर पूल उतरताना. किती वेळ, तर थोडा वेळ. मग? मग गेला.

बाबांना विचारलं की ते म्हणायचे, ब्रेक उत्तम आहेत, दिवाच बिघडलाय. बाबा जन्मभर पाठशाळेत वेद शिकवत आले. एकदा एखादी गोष्ट त्यांनी ठरवली की तिच्यावर चर्चा नाही. गाडीच्या बाबतीतही तसंच.

गाडी जुनी होती. मला पहिली बढती मिळाली तेव्हा घेतलेली, नाव माझं, पण चालवायचे बाबाच. आम्ही बनारसला ब्रह्माघाटाच्या गल्लीत राहतो. तिथे गाडी सोडा, दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरकावं लागतं. त्यामुळे गाडी मैदागिनजवळ एका ओळखीच्यांच्या हात्यात, म्हणजे मोठ्या आवारात, उभी असते आणि तिथपर्यंत आईला चाकाच्या खुर्चीतून न्यावं लागतं. मी किती वेळा म्हटलं, ऑटो लावू या, एखादा माणूस ठेवू या. बाबांना ते ऐकूच जायचं नाही. ऐकू उत्तम येतं त्यांना, हे मुद्दाम सांगते.

मला घोर लागायचं कारण साधं होतं. डायलिसिसहून परत येताना आईत काही राहिलेलं नसतं. रक्तदाब खाली, हातापायांत गोळे, मान एका बाजूला कललेली. अशा बाईला घेऊन पंचाहत्तरीकडे झुकलेला माणूस गर्दीचा पूल उतरतोय आणि त्याच वेळी ब्रेकचा लाल दिवा लागतोय, हे चित्र डोळ्यांसमोर घेऊन मी काउंटरवर बसायचे. समोरचं गिऱ्हाईक पासबुक नाचवत काहीतरी विचारायचं आणि मी त्याच्यावर खेकसायचे. शाखेत माझ्या तोंडाची ख्याती तशी आधीपासूनच होती, त्यात ही भर.

एका रविवारी मी गाडी ताब्यात घेतली. त्याआधी फोनवर पाच-सहा व्हिडिओ बघितले होते, गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक कपाटातून काढून वाचलं होतं. त्यातून इतकं कळलं की हा दिवा लागायला दोन-तीनच कारणं असतात. हँडब्रेक नीट खाली गेलेला नसणं, ब्रेक ऑइल कमी होणं, नाहीतर कुठेतरी वायर ढिली असणं. मी हँडब्रेक ओढला, दिवा लागला. सोडला, दिवा गेला. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली पाहिली. ऑइल दोन रेघांच्या मध्ये होतं, जरा खालच्या रेघेकडे, पण होतं. वायरी हलवून बघितल्या. मग बाबांना शेजारी बसवून मी स्वतः पूल चढले, उतरले, परत चढले, परत उतरले. दिवा काही लागला नाही. बाबांचा चेहराच सगळं बोलत होता.

कधी लागणार, कधी नाही, असं दुखणं फार वाईट. गाडी कायमची बंद पडली तर माणूस निदान ढकलत मिस्त्रीकडे नेतो. हे असं अधूनमधून होणारं जे असतं ना, त्यात माणूस वस्तू सोडून माणसांवरच संशय घ्यायला लागतो. मला आईचा संशय यायला लागला. वाटलं, डायलिसिसनंतर तिला भास होत असतील. मी हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना आडून आडून विचारलंसुद्धा. ते म्हणाले, दमतात, गोंधळतात कधीकधी. घरी येऊन मी आईला विचारलं, नक्की तोच दिवा ना गं, दुसरा कुठला नाही ना? तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि कुशीवर वळली. तिला लागलं ते मला कळलं, पण माझाही जीव टांगणीला लागला होता.

शेवटी मी बाबांना निक्षून सांगितलं की गाडी मिस्त्रीकडे न्या. त्याला सांगा, ऑइल बघ, कुठे गळतंय का बघ. मला स्वतःला जायचं होतं, पण त्या आठवड्यात आमच्याकडे ऑडिटवाले बसले होते आणि पाणी प्यायलाही उठता येत नव्हतं. बाबा हो म्हणाले आणि खरोखरच गेले. आमचा मिस्त्री लहुराबीरच्या बाजूचा, बाबांच्याच वयाच्या आसपासचा, तोंडात कायम पान. बाबांना गुरुजी म्हणतो आणि वाकून नमस्कार केल्याशिवाय बॉनेटला हात लावत नाही.

दुपारी मी बँकेतून त्याला फोन केला. काय निघालं म्हणून विचारलं. पान सावरत तो म्हणाला, "कुछ नहीं दीदी, गुरुजी बढ़ाने को बोले थे, बढ़ा दिए हैं। अब नहीं जलेगी।"

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे ऑइल कमी होतं, त्याने वाढवलं, आता दिवा लागणार नाही. सरळ हिशेब. बँकेत दिवसभर आम्ही दुसरं काय करतो? व्याज वाढवतो, मर्यादा वाढवतो, मुदत वाढवतो. त्या दिवशी मी चपराशाला पाठवून सगळ्यांसाठी पाकातल्या गोड लवंगलता मागवल्या. ऑडिटवाल्यालासुद्धा एक दिली.

आणि खरंच दिवा लागायचा थांबला. संध्याकाळी मी विचारायचे, लागला का? आई म्हणायची, नाही. आणखी काही बोलायची नाही. मला वाटलं, आपण तिच्यावर संशय घेतला त्याचा राग अजून आहे. असू दे म्हटलं, राग काय, उतरेल.

असे काही आठवडे गेले. मग हात्याच्या मालकांकडे लग्न निघालं. मांडव घालायचाय, गाडी जरा भिंतीकडे सरकवा, असा निरोप आला. बाबा पाठशाळेत होते, म्हणून मी गेले. गाडी भिंतीला लावली, हँडब्रेक ओढला आणि सवयीने मीटरकडे पाहिलं. लाल दिवा लागला नाही. हँडब्रेक खाली करून परत ओढला. नाही. किल्ली पूर्ण फिरवून बंद केली, परत चालू केली. किल्ली फिरवताच क्षणभर सगळे दिवे लागतात, हे मला त्या पुस्तकामुळे पाठ झालं होतं. बॅटरीचा लागला, इंजिनाचा लागला. ब्रेकचा लाल तेवढा नाही. मी तशीच गाडी काढली आणि अगदी सायकलच्या वेगाने, मागच्या सगळ्यांच्या शिव्या खात, मिस्त्रीकडे नेली.

मी काय विचारणार हे त्याला कळायच्या आधीच मी सुरू झाले होते. तो शांतपणे म्हणाला, हो, बल्ब मीच काढलाय. गुरुजी म्हणाले, बत्ती बढ़ा दीजिए. तर बढ़ा दी.

तिथे त्या ग्रीसने काळ्या झालेल्या फरशीवर उभी राहून मी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. आमच्या घरात दिव्याला कुणी 'विझव' म्हणत नाही. लहानपणी मी एकदा समईपुढे तो शब्द उच्चारला होता तेव्हा बाबांनी मला दिवसभर जवळ घेतलं नव्हतं. आमच्याकडे दिवा वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. आणि बनारसमध्ये तरी दुसरं काय आहे? दुकानदार दुकान बंद करत नाही, बढ़ाता है. संध्याकाळी गल्लीतून चाललं की सगळीकडे हेच ऐकू येतं. तेव्हा बाबा आणि तो मिस्त्री, दोघांत काडीइतकाही गैरसमज झाला नव्हता. एकाने दिवा मालवायला सांगितला, दुसऱ्याने मालवला. गैरसमज झाला तो माझा. त्याच घरात वाढून, तो शब्द रोज ऐकून, फोनवर ऐकला तेव्हा मला बँकेतला अर्थ आठवला.

मी म्हटलं, बॉनेट उघडा. त्याने उघडलं. ब्रेक ऑइल खालच्या रेघेच्याही खाली गेलं होतं. मिस्त्रीने पान थुंकलं आणि गाडी जॅकवर घेतली. मागचं डावं चाक काढलं, आतला ड्रम उघडला. आत सगळं ओलं होतं. चाकाजवळच्या सिलिंडरमधून ऑइल झिरपत होतं आणि ड्रमच्या आत साचत होतं, म्हणून खाली जमिनीवर कधी डाग दिसला नव्हता. सपाट रस्त्यावर बाटलीतलं ऑइल कसंबसं पुरायचं. पूल उतरताना जोरात ब्रेक दाबला आणि बाटली कलली की कमी पडायचं आणि दिवा लागायचा. मी रविवारी जपून, हळू उतरले तेव्हा ते जेमतेम पुरलं, इतकंच. आईला भास होत नव्हते. मी मिस्त्रीला जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो बिचारा खाली मान घालून काम करत राहिला आणि संध्याकाळच्या आत त्याने सिलिंडर बदलला, ब्रेकमधली हवा काढली, बल्ब जागेवर बसवला.

घरी आले ती तळपायाची आग मस्तकात घेऊनच. बाबा नुकतेच संध्या आटोपून बसले होते. मी विचारलं, तुम्ही त्याला गळती बघायला का नाही सांगितलंत? मी तेवढंच सांगितलं होतं ना? बाबा म्हणाले, ब्रेक मला पायाला कळतात, ते ठीक होते. मी म्हटलं, मग दिवा का काढायला लावलात?

"तुझ्या आईसाठी," बाबा म्हणाले. "तो लागला की ती घाबरीघुबरी व्हायची. सगळा रस्ता सोडून तिचं लक्ष त्या दिव्यात. त्या अवस्थेत आणखी तो ताप कशाला तिला?"

मी म्हटलं, ब्रेक गेले असते तर कसला ताप झाला असता ते कळलं असतं. बरंच बोलले. बाबांशी इतक्या चढ्या आवाजात मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. आई आतल्या खोलीत जागी होती आणि तिने एकदाही हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. ब्रेक आता कसे लागतायत ते मला बघायचं होतं, पण मी चालवून उपयोग नव्हता. पाय बाबांचा, सवय बाबांची. त्यांनाच चालवू दे, आपण शेजारी बसून बघू, असं ठरवलं. आई घरीच होती. आदल्या दिवशी इतकं बोलून झालं होतं की मी ठरवूनच तोंड मिटून बसले. शिवाय मला आवाज ऐकायचा होता, नव्या ब्रेकचा काही कुरकुर आवाज येतोय का तो.

कबीरचौऱ्याच्या पुढे रस्ता जरा मोकळा होता. डावीकडून एक सांड रस्त्यात येत होता, त्यांच्या नेहमीच्या निवांत चालीने, कुणाची भीडभाड न ठेवता. मला तो लांबूनच दिसला. मी मनात म्हटलं, आता बाबा वेग कमी करतील. त्यांनी केला नाही. मला वाटलं, जवळ गेल्यावर करतील. सांड आमच्या अगदी पुढ्यात आला तेव्हा मी किंचाळले आणि बाबांनी ब्रेकवर पाय मारला. गाडी जागच्या जागी थांबली, सांडाच्या पोटापासून हातभर अंतरावर. त्याने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

बाबा माझ्याकडे वळले, आणि ते घाबरलेले नव्हते, चिडलेले होते.

"तू सांगितलं का नाहीस?" ते म्हणाले.

मी विचारलं, काय सांगायचं? ते म्हणाले, सांड येतोय म्हणून. तुझी आई सांगते.

कधी सणावारी आम्ही तिघं एकत्र कुठे जायचो तेव्हा मागच्या सीटवरून मी हे ऐकत आले होते. अहो, गाय. अहो, डावीकडून रिक्षा. अहो, पोरगं धावतंय. मी तिची टर उडवायचे, आई तुझी कॉमेंटरी पुरे, बाबांना डोळे आहेत म्हणायचे. ती नुसती हसायची. बाबांना मी बाजूला बसवलं, जागा बदलून घेतली आणि गाडी हात्यात आणून लावली. बाबा वाद घालत नव्हते, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना एका यंत्रासमोर बसवून बारीक बारीक दिवे दाखवले आणि दिसला की बटण दाबा म्हणाले. मी बाहेर बसून बघत होते. बटणाचा आवाज फार कमी वेळा येत होता. काचबिंदू, ते म्हणाले. दोन्ही डोळ्यांची बाजूची नजर गेलेली, डावीकडची जवळजवळ सगळी. मधलं मात्र स्वच्छ दिसतं. म्हणूनच बाबांना पोथीतलं बारीक अक्षरही वाचता यायचं आणि आपले डोळे ठणठणीत आहेत असं ते स्वतःही मानत होते. रस्त्याकडे बघत असताना खाली मीटरवर दिवा लागला तर तो त्यांना दिसणंच शक्य नव्हतं. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं टिकवायला थेंब घाला, असं डॉक्टर म्हणाले. आणि गाडी चालवत नाहीत ना हे, असं त्यांनी सहज विचारलं. बाबा म्हणाले, आता नाही.

मी घरी येऊन आईच्या पलंगाशी बसले. तुला माहीत होतं ना, मी विचारलं. तिने मान हलवली. कधीपासून? ती म्हणाली, पहिल्यापासून. ते एकदा ठेल्याला घासून गेले, तेव्हा मला कळलं की त्यांना दिसत नाही. त्यांना नाही कळलं. मग मी सांगायला लागले.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू गाडी बंद केली असतीस."

"केलीच असती."

"तेच म्हणते मी."

मग ती हळूहळू बोलत राहिली. त्या लाल दिव्याची तिला भीती अशी नव्हती. पण तो लागला की तिला दोन ठिकाणी बघावं लागायचं. एक डोळा दिव्याकडे, तो गेला का ते बघायला, आणि एक रस्त्याकडे. त्यात एखादी गाय निसटली तर? दिवा वाढवलाय हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कळून ती गप्प राहिली. एक काम कमी झालं, म्हणाली. आता नुसता रस्ताच बघायचा. गळके ब्रेक, न दिसणारा माणूस, आणि वाढवलेला दिवा, आणि ही बाई मूग गिळून बसली होती. मी म्हटलं, आई, तू मेली असतीस. तुम्ही दोघंही मेला असतात. रस्त्यातला आणखी एखादा बिचारा मेला असता. ती म्हणाली, हो.

आणि मग माझा हात धरून तिने जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही.

"घरात मी पेशंट आहे गं. सकाळपासून कुणी मला उठवतं, कुणी बसवतं, पाणीसुद्धा मोजून देता तुम्ही मला. हॉस्पिटलात तर काय, नुसती नळीला जोडलेली. त्या गाडीत तेवढी त्यांना माझी गरज असते. मी नाही बोलले तर ते एक पाऊल पुढे जाऊ शकत नाहीत. एवढी गरज माझी आता कुणाला आहे?"

मला रडू आलं. पण गाडी मी बंदच केली. यात दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, आणि आज कुणी विचारलं तर मी तेच करीन. एक चांगला, सावध ड्रायव्हर मिळाला. मितभाषी, वेळेवर येणारा, हॉर्नसुद्धा जपून वाजवणारा. पहिल्या दिवशी मी रजा काढून बरोबर गेले. आईला मागे बसवलं, शेजारी बाबा. पुढे मी.

हात्यातून निघालो तसं आई मागून म्हणाली, भैया, गाय आहे. मग सावरून हिंदीत म्हणाली. ड्रायव्हर अगदी अदबीने म्हणाला, "दिख रहा है, माताजी।" पुढे एक ई-रिक्षा आडवी आली, तेव्हाही तिने सांगितलं, आणि तेव्हाही तो तितक्याच अदबीने तेच म्हणाला. पूल चढेपर्यंत असं दोन-तीनदा झालं. पुलावर ती गप्प झाली आणि हॉस्पिटल येईपर्यंत गप्पच होती. बाबा पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत ताठ बसले होते. त्या माणसाची काही चूक नव्हती. त्याला सगळं दिसत होतं.

त्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी आई म्हणाली, आज जायलाच हवं का? मी हसण्यावारी नेलं. पुढच्या खेपेला परत. मग दर खेपेला. कधी म्हणायची, आज थकलेय, उद्या जाऊ. कधी म्हणायची, एक दिवस नाही गेलं तर काय होतंय. काय होतं ते तिला ठाऊक होतं. पाय सुजतात, श्वास लागतो, छातीत पाणी होतं, हे सगळं तिने एकदा भोगलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं पेशंटचं, कंटाळतात, तुम्ही धीर द्या. मी धीर कसला देते, मी ओरडले. म्हटलं, आम्ही इतकी धावपळ करतोय आणि तू जायला नाही म्हणतेस? ती लहान पोरीसारखी उठून बसली आणि म्हणाली, बरं, जाते. त्या दिवशी बँकेत मी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन, जुन्या व्हाउचरांच्या गठ्ठ्यांना टेकून पोटभर रडले. मीच तिला वाचवलं होतं, आणि ती माझ्या हातून निसटत होती.

बाबांना मी म्हटलं, तुम्ही तरी तिला समजवा. बाबा म्हणाले, मी काय सांगू, मला काही दिसत नाही. ते उपहासाने म्हणाले की खरंच, मला आजवर कळलेलं नाही.

मला गाडी चालवायचा मुळीच शौक नाही. बनारसच्या रस्त्यावर तर नाहीच. तरी ज्या शनिवारी बँक बंद असते त्या शनिवारी मी ड्रायव्हरला यायला नको म्हणून सांगितलं. आईची खुर्ची हात्यात आणली, पुढचं दार उघडलं आणि तिला माझ्या शेजारी बसवलं. तिने विचारलं, तू चालवणार? मी हो म्हटलं. तिने पदर आवरून घेतला, पट्टा लावून घेतला आणि समोर बघायला लागली. बाबा मागे बसले. बाकीचे दिवस ड्रायव्हरच नेणार होता, दर खेपेला मला जमणार नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

तेलियाबागेच्या अलीकडे रस्त्याच्या मधोमध एक पांढरी गाय उभी होती. मला ती मघाशीच, खूप लांबून दिसली होती आणि माझा पाय ब्रेकवर येऊनही ठेपला होता.

"गाय," आई म्हणाली.

"कुठे?" मी विचारलं.

"अगं ती काय समोर. डोळे कुठे आहेत तुझे?" आई कडाडली.